चार षटकोन आणि आमचं शेंगतेल

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या आरोग्य पानावर कोलेस्टेरॉलला सरळ ‘रक्तातलं विष’ म्हणून मोकळे झालात, आणि शेजारी त्याच्या रेणूचं चित्र, त्यात चार षटकोन. पोरगी बेळगावात बी. फार्मला आहे, सुट्टीला आलीय, ती बघून म्हणाली पप्पा तीन कडी सहा कोनांची पाहिजेत आणि चौथं पाच कोनांचं, एका टोकाला ओएच म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी, दुसऱ्या टोकाला आठ कार्बनची शेपटी, एकूण कार्बन 27. मी काय शिकलेला माणूस नाही, निपाणीत तेलाचा घाणा चालवतो, पण कोन मोजता येतात मला.

आणि विषच असेल तर लिव्हर ते रोज कशाला तयार करत बसतंय? पेशीचं आवरण, पचनाला लागणारं पित्त, कॉर्टिसॉल, टेस्टोस्टेरॉन, इस्ट्रोजेन असली हार्मोन्स, सगळ्याला तेच लागतं. एलडीएल, म्हणजे ज्याला वाईट कोलेस्टेरॉल म्हणतात ते, वाढलं की रक्तवाहिन्यांत थर बसतो हे खरंच आहे, माझ्या भावाला त्याचीच गोळी चालू आहे, त्याबद्दल वाद नाही.

माझं दुखणं वेगळंच आहे. त्याच लेखाच्या खाली अर्ध्या पानाची तेलाची जाहिरात, ‘कोलेस्टेरॉल फ्री’ म्हणून. अहो, शेंगा काय, सूर्यफूल काय, झाडाच्या तेलात ते असतंय कुठं? अगदी नावाला असलं तर. ते मुख्यतः जनावराच्या अंगात, म्हणजे अंडी, मटण, लोणी, तूप. पण गेल्या महिन्यात आमचं दहा वर्षांपासूनचं एक गिऱ्हाईक पाच लिटरचा डबा परत घेऊन आलं, सील तसंच, म्हणे ह्याच्यावर ‘फ्री’ लिहिलेलं नाही. मी म्हटलं काका, उसाच्या रसावर ‘हाडं फ्री’ लिहितात काय? हसले नाहीत. पैसे परत घेतले आणि समोरच्या दुकानातनं लाल बदाम छापलेली पिशवी घेऊन गेले, माझ्या डोळ्यादेखत. आता मीपण स्टिकर छापायला टाकलेत, काय करणार.

तुमच्या लेखकांनी एक ओळ ह्यावर लिहिली असती तर बिघडलं असतं का? की खालची जाहिरात गेली असती? चूक असेल तर माफी असावी.

जाता जाता, पूर्वी शेंगांचा बाजारभाव आतल्या पानात रोज यायचा, तो बंद का केलात? राशीभविष्य मात्र दोन ठिकाणी येतंय.

आपला,
एक घाणेवाला, निपाणी