नसलेल्या पायाची चौकशी करणाऱ्या ताईंना

प्रिय फिजिओ ताई,

तुमचं नाव लिहायला तुम्ही नको म्हणालात, म्हणून लिहीत नाही. पण आभार चारचौघांतच मानायचे आहेत.

मधुमेहात गँगरीन झालं आणि ह्यांचा उजवा पाय गुडघ्याखालून काढावा लागला. जखम भरली, टाके निघाले आणि खरं दुखणं त्यानंतर सुरू झालं. नसलेल्या पायाची बोटं आत मुडपून आवळली आहेत, कुणीतरी सोडवा, म्हणत हे रात्र रात्र बसून काढायचे. सिडकोतल्या आमच्या घरी येणारा प्रत्येक जण काहीतरी सांगून जाई. मनाचे खेळ आहेत. कापलेला पाय नीट पुरला नसेल. त्र्यंबकला जाऊन विधी करून घ्या. शेवटी ह्यांनी दुखतंय हे सांगणंच सोडलं.

तुम्ही आल्या आल्या विचारलंत, "काका, अंगठा कुठल्या बाजूला वळलाय?" हे ढसाढसा रडले. इतक्या दिवसांत तो अंगठा आहे असं धरून कुणी बोललंच नव्हतं.

मग तुम्ही समजावलंत: पाय गेला तरी मेंदूतली त्याची जागा जात नाही, तुटलेल्या नसाही निरोप धाडत राहतात. अमेरिकेतल्या यादवी युद्धात हातपाय गमावलेल्या सैनिकांच्या या दुखण्याला डॉ. सायलस वेअर मिचेल यांनी १८७१ मध्ये 'फँटम', म्हणजे नसून भासणारा अवयव, हे नाव दिलं, हे ऐकून ह्यांना केवढा धीर आला!

आणि तो आरसा. डॉ. विलायनूर रामचंद्रन यांनी १९९०च्या दशकात शोधलेली युक्ती. दोन्ही पायांमध्ये आरसा उभा केलात, उजवी बाजू त्यामागे झाकलीत. डावा पाय हलला की आरशात उजवा हलायचा. "सावकाश बोटं उघडा, काका," तुम्ही म्हणत होतात. बऱ्याच वेळाने हे पुटपुटले, "सुटली गं." माझ्या अंगावर काटा आला.

आरसा सगळ्यांनाच लागू पडत नाही, हे तुम्ही आधीच सांगितलं होतंत, म्हणून आम्ही डॉक्टरांच्या गोळ्या बंद केल्या नाहीत. कापलेल्या पायाच्या उरलेल्या भागाला आधी कापसाने, मग खरखरीत टॉवेलने चोळायला तुम्ही शिकवलंत. आधी साधी चादर लागली तरी कळवळायचे. आता जयपूर फूट घालून कोपऱ्यावरून दूध आणतात. थंडीत कळ अजून येते. पण आता ती लपवत नाहीत, मला हाक मारून आरसा मागतात.

द्राक्षं उतरली की घरी या. पेटी ह्यांनी आत्ताच सांगून ठेवली आहे.

तुमची,
काकू