पुरात भिजलेल्या विटेवर सिमेंट नको

मा. संपादक,

२०१९च्या महापुरात भिजलेल्या सांगलीतल्या जुन्या भिंतींवर सर्रास सिमेंटचा गिलावा चढवला जातो. हे पाहून कॉनराड विल्हेल्म हासे (१८१८–१९०२) या जर्मन वास्तुविशारदाचे काम इथे सांगावेसे वाटते. आयनबेक या गावी जन्मलेले हासे वास्तुशास्त्राबरोबर गवंडीकामही शिकले आणि १८४९ पासून त्यांनी हॅनोव्हरच्या तंत्रशाळेत शिकवले. त्यांचा आग्रह ठाम होता: भिंत विटेची असेल तर वीटच दिसू द्या. हॅनोव्हरचे ख्रिस्तुसकिर्श (१८५९–६४) हे चर्च त्यांनी तसेच, उघड्या विटांत बांधले.

चुन्यात बांधलेल्या आपल्या वाड्यांनाही हे लागू पडते. सिमेंट ओल बाहेर पडू देत नाही. मग क्षार गिलाव्यामागे साचतात, त्यांचे स्फटिक फुगतात आणि विटेचे पापुद्रे सुटतात. बोट फिरवले तरी तांबडी भुकटी हाताला लागते! गिलावा छिन्नीने, हलक्या हाताने काढावा. दरजा, म्हणजे विटांमधले सांधे, २० ते २५ मिमी खोल कोराव्यात. क्षार कोरड्या ब्रशनेच झाडावेत. धुतले तर पाण्याबरोबर पुन्हा विटेत शिरतात. नंतर दरजा शिंपडून ओलसर कराव्यात आणि एक भाग चुना, तीन भाग चाळलेली वाळू असा माल दाबून भरावा. सात दिवस ओले गोणपाट हवेच. चुना लवकर वाळला तर भुसभुशीत राहतो, आणि इथेच बहुतेक कामे फसतात. भर उन्हाळ्यात हे काम काढूच नये.

– एक स्थापत्य अभियंता, सांगली