श्टुटगार्टला निघण्याआधी श्टुटगार्ट समजून घ्यावे

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

जर्मनीतील मोटार उद्योगात होत असलेल्या नोकरकपातीच्या बातम्या आपल्या दैनिकात वेळोवेळी येतात, आणि पुष्कळदा त्याच अंकाच्या आतल्या पानावर ‘जर्मनीत नोकरीची सुवर्णसंधी’ अशी जाहिरातही असते. या दोहोंचा मेळ कसा घालायचा, हे विचारायला माझे जुने विद्यार्थी घरी येतात, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

मी नाशिकला औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत फिटर ट्रेडचा निदेशक म्हणून एकतीस वर्षे काम केले. गेल्या महिन्यात एक विद्यार्थी जर्मन भाषेच्या एका क्लासचे माहितीपत्रक घेऊन आला. मुखपृष्ठावर चकचकीत मोटार, खाली ‘श्टुटगार्ट – मोटारींची राजधानी’ हे शब्द, आणि आत शुल्काचे तीन हप्ते. कोणत्या ट्रेडसाठी, कोणत्या कामावर, कोणत्या परीक्षेनंतर घेणार, याबद्दल चार पानांत एक ओळही नव्हती. पहिल्या हप्त्यासाठी आईच्या पाटल्या गहाण ठेवायचे मात्र घरात ठरून गेले होते.

श्टुटगार्टला मोटारींची राजधानी म्हणणे खोटे नाही. गोटलीब डाइमलर यांनी १८८२ मध्ये श्टुटगार्टलगतच्या कान्श्टाट येथे आपल्या बागेतल्या छोट्या घरात कामाला सुरुवात केली आणि त्या गावाजवळच पुढे मर्सिडीजचा उंटरट्युर्कहाइमचा कारखाना उभा राहिला. रोबेर्ट बॉश यांनी १८८६ च्या नोव्हेंबरात याच शहरात सूक्ष्म यांत्रिकी व विद्युत कामाची कार्यशाळा उघडली. पोर्शेचा मुख्य कारखाना त्सुफेनहाउझेन या उपनगरात आहे. सुमारे सहा लाख वस्तीच्या या शहरात आणि भोवतालच्या जिल्ह्यांत या बड्या कंपन्यांना सुटे भाग, साचे आणि यंत्रे पुरवणारे असंख्य मध्यम कारखाने आहेत, आणि त्यांतले कित्येक पिढ्यान्‌पिढ्या एकाच घराण्याच्या हाती आहेत.

परंतु हे वैभव तेथे का आले, हे माहितीपत्रकात नसते, आणि मला मुलांना सांगायचे असते ते तेच. श्टुटगार्ट ज्याची राजधानी होते, त्या वुर्टेंबर्गच्या राज्यात दगडी कोळसा नव्हता, नाव घेण्यासारखे खनिज नव्हते, बंदर तर नव्हतेच. वारसांत जमीन सारखी वाटण्याची रीत असल्याने शेताचे इतके तुकडे झाले होते की, निव्वळ शेतीवर घर चालेना आणि शेतकरी हिवाळ्यात विणकाम, सुतारकाम, घड्याळकाम करू लागला. आपल्याकडच्या वाटणीची आणि गुंठ्यांची कहाणी ज्याला ठाऊक आहे, त्याला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. १८१५ मध्ये इंडोनेशियातील तांबोरा ज्वालामुखीचा स्फोट झाला, पुढच्या वर्षी युरोपात उन्हाळा असा आलाच नाही, पिके गेली आणि या भागात मोठा दुष्काळ पडला. त्यातून सावरताना राजा विल्हेल्म आणि राणी कातारीना यांच्या पुढाकाराने १८१८ या एकाच वर्षी होहेनहाइम येथे कृषिशाळा, गरिबांसाठी बचत बँक आणि कान्श्टाटचा कृषिमेळा, अशा तीन गोष्टी सुरू झाल्या. तो मेळा आज बिअरच्या मंडपांसाठी प्रसिद्ध आहे, पण त्याचा आरंभ दुष्काळातून झाला, हे विसरू नये.

पुढे फेर्डिनांड फोन श्टाइनबाइस या अधिकाऱ्याने राज्याच्या उद्योग-व्यापार खात्यामार्फत परदेशी यंत्रांचे आणि मालाचे नमुने आणवून कारागिरांना पाहायला ठेवले आणि कामकरी मुलांसाठी गावोगावी उद्योगशाळा काढायला लावल्या. डाइमलर आणि बॉश यांना हाताशी तयार कारागीर मिळाले, त्याची मुळे येथे आहेत. आजही तेथे कारखान्यात शिकणारा उमेदवार आठवड्याचे तीन-चार दिवस प्रत्यक्ष कामावर आणि एक-दोन दिवस शाळेत असतो. यंत्रकारागिराचे हे शिक्षण साडेतीन वर्षांचे असते, त्या काळात विद्यावेतन मिळते आणि शेवटची परीक्षा कंपनी नव्हे, तर उद्योग-व्यापार मंडळ घेते.

या शिक्षणाचा आरंभ तिकडेही कानशीने होतो, हे ऐकून माझ्या मुलांना नवल वाटते. आमच्या वर्गात पहिले काही आठवडे मुलगा पोलादाचा एक ठोकळा घासत असतो. गुण्या, म्हणजे काटकोन तपासायचे साधन, लावून तो उजेडाकडे धरायचा, पात्याखालून प्रकाशाची रेघ दिसली की पुन्हा शेगड्यात (व्हाइसमध्ये) धरायचा, आणि ती रेघ दिसेनाशी होईपर्यंत हात थांबवायचा नाही. ज्याचा हात असा बसला, तो पुढे इंजिनात डिझेल फवारणाऱ्या नोझलवर काम करू शकतो. बॉशने १९२७ मध्ये डिझेल इंजेक्शन पंपाचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू केले आणि हेच काम दुसऱ्या टोकाला आमच्या सातपूरलाही आले. नाशिकच्या कित्येक घरांचे हप्ते आणि मुलींची लग्ने या नोझलवर झाली आहेत, म्हणून श्टुटगार्टची बातमी मी परक्या गावाची म्हणून वाचू शकत नाही.

ती बातमी आज चांगली नाही. बॉशने सप्टेंबर २०२५ मध्ये आपल्या वाहन विभागातील सुमारे १३,००० जागा २०३० पर्यंत कमी करण्याचे जाहीर केले. त्यांतल्या बहुतेक जर्मनीतल्या असून श्टुटगार्टच्या फॉयरबाख उपनगरातील जुन्या कारखान्याचाही त्यात समावेश आहे. पोर्शेनेही त्याच वर्षी आपल्या श्टुटगार्ट परिसरातील सुमारे १,९०० जागा २०२९ पर्यंत घटवण्याचे ठरवले. चीनमध्ये पोर्शेच्या २०२१ मध्ये सुमारे ९५ हजार मोटारी गेल्या होत्या, त्या २०२४ मध्ये ५७ हजारांच्या आसपास आल्या. विजेच्या मोटारीला इंजेक्शन पंप लागत नाही, नोझल लागत नाही, धूर बाहेर नेणारी नळी लागत नाही. शंभर वर्षे ज्या कौशल्यावर हे शहर जगले, त्यातल्या मोठ्या भागाचे गिऱ्हाईकच कमी होत आहे. उद्योगांच्या नफ्यावरचा कर तेथे थेट नगरपालिकेच्या तिजोरीत जातो, त्यामुळे कंपन्यांचा नफा घटताच शहराचे अंदाजपत्रकही कोलमडू लागले आहे.

मग जर्मनीला माणसे हवीत, हे खोटे का? अजिबात नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने श्टुटगार्ट ज्यात आहे त्या बाडेन-वुर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला आणि पहिल्या टप्प्यात सुमारे दहा हजार तरुण पाठवण्याचे ठरले. पण त्या यादीत होते रुग्णसेवक, वीजतंत्री, प्लंबर, बस आणि ट्रकचालक, स्वयंपाकी अशांचे व्यवसाय. तिथला समाज वृद्ध होत चालला आहे. म्हाताऱ्यांना उठवून बसवणारा हात, घराची जुनी बॉयलर बदलून देणारा हात, ट्राम चालवणारा हात कमी पडतो आहे. मोटारींच्या जुळणीपट्ट्यावर मात्र आहेत त्याच लोकांच्या जागा राखण्यासाठी कामगार संघटना आणि व्यवस्थापन यांच्यात महिनोन्‌महिने वाटाघाटी चालल्या आहेत. हे काम हलके आणि ते काम भारी, असे मी म्हणत नाही. रुग्णाची सेवा करणाऱ्याचा मला तेवढाच आदर आहे. परंतु मुलाने चकचकीत मोटारीचे चित्र पाहून कर्ज काढायचे आणि तिथे गेल्यावर त्याला वेगळेच काम दिसायचे, हे मला मान्य नाही.

म्हणून दोन विनंत्या आहेत. आपल्या दैनिकाने जर्मनीतील नोकऱ्यांची जाहिरात स्वीकारताना ट्रेड, लागणारी भाषापातळी आणि पात्रतेच्या मान्यतेची परीक्षा या तीन गोष्टी जाहिरातीत छापलेल्या आहेत की नाहीत, एवढे तरी पाहावे. शासनाने त्या कराराखाली कोणत्या ट्रेडचे किती तरुण प्रत्यक्ष गेले, किती परत आले आणि आज तेथे काय काम करीत आहेत, याची जिल्हावार माहिती दर सहा महिन्यांनी प्रसिद्ध करावी आणि ती प्रत्येक प्रशिक्षण संस्थेच्या सूचनाफलकावर लावण्याचा आदेश काढावा.

माझ्या त्या विद्यार्थ्याने हप्ता अजून भरलेला नाही. त्याने वायरमनचा अभ्यासक्रम करावा आणि सोबत जर्मन भाषा शिकावी, असे मी त्याला सुचवले आहे. त्याने मला विचारले, “सर, मग तीन वर्षं कानस घासली ती वाया गेली का?” त्याचे उत्तर मी त्याला शेगड्याशी उभे राहून दिले, गुण्या आणि ठोकळा त्याच्या हाती ठेवला आणि उजेडाकडे धरायला सांगितले. रेघ दिसली नाही.

आपला विश्वासू,
एक निवृत्त निदेशक,
सातपूर, नाशिक