दुर्योधनाची पावले

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला कंबोडियावरचा लेख आवडला. फक्त शेवटी लेखकाने म्हटले आहे की, वेळ कमी असेल तर कोह केर वगळावे. जंगलातली पडकी देवळे आहेत, पाहण्यासारखे फारसे उरलेले नाही. उरलेले नाही हे खरेच. पण ते का उरले नाही, हे समजून घेण्यासाठी तरी तिथे जावे, म्हणून हे पत्र.

आम्ही सहा जण जानेवारीत सिएम रीपहून गाडी करून गेलो. अंतर साधारण १२० किलोमीटर. धुरळा तांबडा, आणि भिंती चक्क जांभ्याच्या! आम्हा कोकणातल्या माणसांना घरच्या गडग्याची आठवण झाली. चौथा जयवर्मन हा ख्मेर राजा दहाव्या शतकात अंगकोर सोडून इथून राज्य करत होता. इ. स. ९२८ ते ९४४ या जेमतेम सोळा वर्षांत इथे राजधानी उभी राहिली आणि संपली. प्रासात थोमच्या मागे सात टप्प्यांचा, सुमारे ३६ मीटर उंचीचा दगडी मनोरा आहे. (‘प्रासात’ म्हणजे आपला ‘प्रासाद’च. शिल्पग्रंथांत देवळाला हाच शब्द आहे.) प्रासात प्रामच्या विटांच्या शिखरांना झाडांनी मुळांनी आवळून धरले आहे. गाइड पायवाट सोडू देत नव्हता. यादवीच्या काळात इथे सुरुंग पेरले होते.

आमच्यातले एक जण दर देवळापाशी ‘हे आपल्याच लोकांनी बांधलं’ म्हणत होते. बांधले ख्मेर लोकांनी. देव आपल्या ओळखीचे, लेखांत संस्कृतही आहे, पण देवळाच्या चाकरीतल्या माणसांच्या लांबलचक याद्या ख्मेर भाषेत कोरल्या आहेत.

खरे सांगायचे आहे ते प्रासात चेनबद्दल. तिथल्या पश्चिमेच्या गोपुरात भीम-दुर्योधनाचे गदायुद्ध होते. भिंतीवर कोरलेले नव्हे, तर चहूबाजूंनी पाहता येतील असे माणसाएवढे सुटे पुतळे. दुर्योधन झेप घेण्याच्या पवित्र्यात, समोर भीम, आणि भोवती बसलेले बलराम, पांडव वगैरे प्रेक्षक. कीर्तनात शंभरदा ऐकलेला प्रसंग, आणि तो रानात असा मांडलेला! आता तिथे काहीच नाही. १९७०च्या दशकात, यादवीच्या धामधुमीत, चोरांनी पुतळे घोट्यापाशी तोडून नेले.

पण पावले जागेवर राहिली. दुर्योधन १९७५ मध्ये लंडनच्या बाजारात विकला गेला होता. २०११ मध्ये तो न्यूयॉर्कला सदबीजच्या लिलावात आला, अपेक्षित किंमत वीस ते तीस लाख डॉलर. तोवर संशोधकांनी जंगलातल्या चौथऱ्यांशी पुतळ्यांचा मेळ घातला होता. कंबोडियाच्या विनंतीवरून लिलाव ऐन वेळी थांबला, अमेरिकी सरकारने दावा लावला, आणि २०१४ मध्ये दुर्योधन मायदेशी परतला. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या नॉर्टन सायमन संग्रहालयातून भीम आला, बलरामही आला. दोन बसलेले प्रेक्षक मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने २०१३ मध्येच परत केले होते. नॉम पेन्हच्या राष्ट्रीय संग्रहालयात हे सगळे समोरासमोर पाहताना मला हसूही आले. मांडीवर गदा बसून जो पडला, त्याच्या कामी शेवटी त्याची पावले आली.

आता आपल्याकडे. आमच्या तालुक्यात देवराईत पडक्या देवळांचे दगड, वीरगळ (लढाईत पडलेल्या वीरांचे स्मारकदगड), सतीशिळा, क्वचित गद्धेगाळ (दान मोडणाऱ्याला शाप कोरलेला दगड), सगळे पाचोळ्यात पडलेले आहे. कुणी चोरायला आलेच तर घोट्यापाशी तोडायचीही गरज नाही, उचलून टेम्पोत घालायचे. त्याहून जास्त नुकसान आपण श्रद्धेने करतो. वर्गणी जमते, जीर्णोद्धार ठरतो, जुने जोते उखडून फरशी बसते, आणि ‘भंगलेली मूर्ती पुजू नये’ म्हणून जुना देव नदीच्या डोहात जातो. चौथराही राहत नाही, पावलेही नाहीत. उद्या तीच मूर्ती एखाद्या लिलावाच्या पुस्तकात दिसली, तर ती आमची हे कशावरून सांगणार?

पुरावस्तूंच्या नोंदणीचा कायदा १९७२ पासून आहे. पण रानातल्या दगडाची नोंद करायला कुणी तरी आधी तो पाहावा लागतो. जीर्णोद्धाराला हात घालण्यापूर्वी ग्रामपंचायतीने प्रत्येक दगडाचे चारी बाजूंनी फोटो काढावेत, शेजारी मोजपट्टी ठेवावी, एक प्रत राज्याच्या पुरातत्त्व विभागाकडे आणि एक पोलीस ठाण्यात द्यावी. खर्च जवळपास शून्य. गावच्या शाळेतली नववी-दहावीची मुले दोन रविवारांत हे काम उरकतील. आमच्याकडे त्यांनी उरकलेही. शेंदराची पुटे मात्र खरवडायला जाऊ नये, त्याखालची अक्षरे जातात. ते जाणकारांवर सोपवावे.

मुलांनी काढलेल्या फोटोंपैकी सात सोबत जोडले आहेत. छापल्यास गावाचे आणि देवराईचे नाव कृपया गाळावे.

आपला,
एक वाचक, जि. रत्नागिरी