शेवाळाखालची जमीन

यवतेश्वर, सातारा
ऑक्टोबर अखेर

प्रिय बाळ्या,

सप्रेम नमस्कार. ‘एवढं अंगण घेतलंस, आता म्हैस पाळ,’ असं तू फोनवर म्हणालास. अरे, म्हशीला घालायला आधी गवत नको का! लांबून सगळं हिरवंगार दिसतं. जवळ बसून खुरप्याचं टोक घातलं की शेवाळाची अख्खी साल हातात येते आणि खाली घट्ट, थंडगार लाल माती. शेवाळाला मुळं नसतातच, बारीक तंतूंवर ते मातीला चिकटून असतं.

जो येतो तो ‘औषध मार’ म्हणून जातो. मला ते पटत नाही. शेवाळानं गवत मारलेलं नाही. गवत आधी गेलं, मग मोकळ्या जागेवर हे बसलं. गवत का गेलं म्हणशील, तर खाली साताऱ्यात पोवई नाक्यावर छत्री मिटवून घाट चढावा आणि वर धुकं नि झड लागलेली असावी, असं इथलं पावसाळ्याचं हवामान. त्यात उतारावरचं पाणी खालच्या कुंपणापाशी साचतं, आंब्याची दाट सावली आणि आधीच्या लोकांनी वर्षानुवर्षं लावलेल्या गाड्या. सळई खुपसली तर दोन बोटं जाते आणि अडते.

म्हणून आधी कुंपणालगत चर काढून पाणी बाहेर काढलं. मग पहारीनं वीत-वीत अंतरावर भोकं पाडली आणि त्यांत जाडी वाळू नि चाळलेलं, कुजलेलं शेणखत भरलं. या कामानं कंबर अशी धरते की विचारू नकोस! पण जिथं भोकं पाडली तिथं पाणी पटकन जिरतं, हे डोळ्यांनी दिसतं.

तू चुना टाक म्हणालास. तुमच्या सांगलीच्या काळ्या रानात तो टाकायला कुणी जाणार नाही, पण आमची जांभ्याची माती आंबट. तरी अंदाजानं नको म्हणून चार ठिकाणची माती एकत्र करून तपासायला दिली. सामू, म्हणजे पीएच, 5.6 आला. हरळीला एवढं चालतं, त्यामुळे चुना थोडाच आणि तोही शेणखत नि हिराकशीपासून (म्हणजे फेरस सल्फेटपासून) वेगळा, नंतर.

हिराकस फक्त उन्हाच्या पट्ट्यात वापरली. पाण्यात विरघळवून शिंपडली की काही दिवसांत शेवाळ काळं पडतं, मग दाताळ्यानं ओढून काढायचं. आंब्याखाली मात्र हात लावणार नाही. तिथं ऊन पोचत नाही, हरळी टिकायची नाही. शेवाळ राहू दे, पायाला गार लागतं. हिची यावर तक्रार आहे; पाहुणे काय म्हणतील वगैरे.

हरळीच्या दोन-तीन पेरांच्या कांड्या लावल्यात, थंडी पडायच्या आत रुजतील असं वाटतं. खरी भर पुढच्या पावसातच. वाढली की एका वेळी तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त कापायची नाही. लव्हाळा आहेच अधूनमधून. टिकाव मारला की त्याच्या गाठी तुटून आणखी पसरतात, म्हणून ओल्या मातीतून गाठीसकट उपसतोय.

तुझ्या मळ्याच्या बांधावरची बारीक पानाची हरळी चांगली आहे. दिवाळीला येताना ओल्या गोणपाटात गुंडाळून आण. वहिनींना नमस्कार.

तुझा,
सुऱ्या

ता. क. हिराकशीचं पाणी शहाबादी फरशीवर सांडलं तर गंजाचे डाग जाता जात नाहीत. तुझ्या ओट्याजवळ वापरणार असशील तर आधी फरशी भिजवून घे.