मंत्रीसाहेब, साक्षरतेचं तिकीट काढा, पण ते अल्बममध्ये जाऊ देऊ नका

मा. केंद्रीय संचारमंत्री,
स. न. वि. वि.

मी बडोद्याची, दांडिया बाजारात राहते. तुम्ही ग्वाल्हेरचे शिंदे, म्हणून सरळ मराठीतच लिहितेय, चालवून घ्या. 8 सप्टेंबरला साक्षरता दिन असतो, त्या निमित्ताने पोस्टाचं एक तिकीट काढा एवढंच म्हणायचंय, पण चित्र म्हणून पाटी-पेन्सिल किंवा पुस्तकातून उगवणारा सूर्य नको प्लीज, ते बघून बघून कंटाळा आलाय.

आमच्याकडे त्याहून भारी गोष्ट आहे. सयाजीराव महाराज 1875 ला कवळाण्याहून दत्तक आले तेव्हा 12 वर्षांचे होते आणि लिहिता-वाचता येत नव्हतं. त्याच माणसाने 1893 मध्ये अमरेली भागात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं करून बघितलं, 1906 ला अख्ख्या संस्थानात लावलं. बरं, पोरगं शाळेत शिकलं तरी गावात वाचणार काय, दुकानाची पाटी? म्हणून 1910 ला अमेरिकेतून बॉर्डनसाहेब या ग्रंथपालांना बोलावून लायब्ररी खातं उभं केलं आणि पुस्तकांच्या पेट्या खेड्यापाड्यात फिरायला लागल्या, न्यायचा-आणायचा खर्च संस्थानाचा. ती पेटी टाका तिकिटावर. झाकण उघडं, भोवती माणसं वाकलेली. (तिकिटं छापतात नाशिकरोडला आणि कवळाणंही नाशिक जिल्ह्यातच, म्हणजे महाराज माहेरी छापले जातील.)

आता खरी गोष्ट. आमच्याकडे कामाला एक बेन (म्हणजे ताई) येतात, साठीच्या पुढे असतील. पोस्टातून पैसे काढले की अंगठ्याची शाई पदराला पुसत यायच्या. दुपारी भांडी झाली की मी त्यांना जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या बाजूला अक्षरं काढायला लावायची, वर्षभर चाललं. मग एकदा त्यांनी पैसे काढायच्या स्लिपवर सही केली, चांगली ठसठशीत, शेवटचं अक्षर चौकटीबाहेर गेलं एवढंच. काउंटरवरून स्लिप परत आली, रेकॉर्डला अंगठा आहे, अंगठाच लावा, आणि शाईचं पॅड पुढे. नियम असेल हो, पण सही करायला शिकून आलेल्या बाईला तिथल्या तिथे सही बदलायचा फॉर्म देता आला असता की. सरकारची उल्लास योजना पंधरा वर्षांपासून पुढच्या निरक्षरांना शिकवते म्हणे, मग ही माणसं पहिली सही करायला तुमच्याच काउंटरवर येणार ना?

आणि तिकीट नुसतं स्मारक म्हणून काढू नका. ती एकदाच छापतात, तिकिटं जमवणारे घेऊन जातात, संपलं. रोजच्या वापरातलं पाच रुपयांचं काढा, संपलं की परत छापता येईल असं, आणि अक्षरं जरा मोठी ठेवा, बेन हल्ली दिसेल ते वाचत सुटतात, बसची पाटी, तेलाचा डबा, पण तिकिटावरचं त्यांना काय, मलाही चष्म्याशिवाय दिसत नाही.

बेननी लेकीला पत्र लिहिलंय, आयुष्यातलं पहिलंच, चार ओळी. तिकीट आणायला गेले तर पाच रुपयांचं संपलंय, स्पीड पोस्ट करा म्हणाले. बेन म्हणतात घाई नाही, तिकीट मीच चिकटवणार. पत्र आमच्या फ्रिजवर पडून आहे.

आपली,
दांडिया बाजारातली एक बडोदेकर