मशीन चालू असताना नेटवर्क तपासा

महोदय,

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांत मी पीएलसी (मशीन चालवणारा छोटा संगणक), ड्राइव्ह (मोटरचा वेग सांभाळणारे उपकरण) आणि त्यांना जोडणाऱ्या इथरनेट नेटवर्कच्या देखभालीचे काम करतो. नवी लाइन ताब्यात घेताना नेटवर्कची जी तपासणी होते ती फार अपुरी असते, आणि त्याचे खापर पुढे ऑपरेटरच्या डोक्यावर फुटते. म्हणून हे पत्र.

कंत्राटदाराचा माणूस लॅपटॉप जोडतो, पिंग मारतो, म्हणजे उपकरणाला छोटा संदेश पाठवून उत्तर येते का पाहतो, चार उत्तरे येतात, कागदावर सही होते. विंडोजचा साधा पिंग 32 बाइटची चार पाकिटे पाठवतो. ती परत आली, तर तो आयपी पत्ता त्या घडीला उत्तर देतोय एवढेच कळते. मॉडबस टीसीपी या औद्योगिक संवादपद्धतीचे 502 नंबरचे पोर्ट (डेटा आत येण्याचे दार) उघडे आहे की नाही, हे त्यातून समजत नाही. प्रोफिनेट या दुसऱ्या पद्धतीचा रिअल-टाइम, म्हणजे वेळेवर पोचायलाच हवा असा, डेटा तर आयपीवरून जातच नाही, थेट इथरनेट फ्रेममधून जातो. पिंग छान चालू आणि ड्राइव्ह मात्र फॉल्टमध्ये, असे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

एका पॅकिंग लाइनवर पीएलसीचा ड्राइव्हशी संपर्क मधूनच तुटायचा. ऑपरेटरने पॅनलला हात लावला असेल, असे ठरवून त्याला सगळ्यांदेखत बोलणी बसली. मी मॅनेज्ड स्विचवर (केबली एकत्र जोडणाऱ्या, आकडे दाखवणाऱ्या पेटीवर) ड्राइव्हच्या केबलच्या पोर्टचा सीआरसी एररचा, म्हणजे वाटेत बिघडलेल्या फ्रेमचा, आकडा उघडून ठेवला आणि मोठा कन्व्हेयर सुरू करायला सांगितला. मोटर सुरू झाली की आकडा भराभर चढे, बंद केली की जागीच थांबे. केबल ट्रेचे झाकण काढले, तर साधी, शिल्ड (धातूचे आवरण) नसलेली डेटा केबल ड्राइव्हच्या मोटर केबललाच टाय मारून बांधलेली! मोटर केबलचा विद्युत गोंगाट थेट तिच्यात शिरत होता. शिल्डेड केबल वेगळ्या ट्रेमधून ओढली आणि आकडा वाढायचा थांबला. लाइन बंद ठेवून घेतलेल्या चाचणीत हा दोष कसा दिसणार? त्या ऑपरेटरची माफी मात्र कुणी मागितली नाही.

केबल टेस्टरच्या हिरव्या दिव्यांवरही विसंबू नये. तारांच्या जोड्या चुकीच्या फोडून प्लग क्रिम्प केला, तरी दोन्ही टोकांचे नंबर जुळतात आणि दिवे लागतात. पाकिटे गळतात ती नंतर. स्विचवर फुल डुप्लेक्स (एकाच वेळी दोन्हीकडून डेटा) पक्के केलेले आणि उपकरण ऑटोवर असेल, तर उपकरण हाफवर (एका वेळी एकाच बाजूने) उतरते. रहदारी वाढेपर्यंत हे लक्षातही येत नाही.

कारखानदारांना माझी कळकळीची विनंती आहे. ताबा घेताना लाइन पूर्ण भाराने चालवा. निदान एक पाळीभर पिंग सुरू ठेवा, स्विचचे एररचे आकडे आधी आणि नंतर लिहून घ्या आणि तो कागद पॅनलच्या दाराच्या आतच ठेवा. मात्र चालू लाइनवर पोर्ट स्कॅनर (सगळी पोर्ट एकामागून एक तपासणारे सॉफ्टवेअर) सोडू नका. काही जुने पीएलसी त्याने अडकून पडतात.

सयाजीराव महाराजांनी 1890 मध्ये कलाभवन ही तंत्रशाळा काढली ती हाताला हुन्नर यावा म्हणून. आज तिथे असलेल्या अभियांत्रिकी शाखेने आणि शहरातल्या आयटीआयंनी नेटवर्कचे प्रात्यक्षिक शेजारी ड्राइव्हवर मोटर चालू ठेवून घ्यावे. स्विच, ड्राइव्ह, मोटर आणि चार केबल, एवढ्यावर ते होते.

आपला,
एक देखभाल अभियंता,
दांडिया बाजार, बडोदा